नावाचा गुंड

गोमाजी काटेखायेनं पोतं दुकानाच्या पायरीवर आदळलं तेव्हा आतली भांडी अशी खणाणली, की समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं कप तोंडाशी धरूनच वळून बघायला लागली.

“घ्या! तुमच्या पोराचं नाव तुमच्यापाशीच ठेवा!”

रत्नाबाई निनावे गादीशेजारी बसून एका परातीला चिंच घासत होती. शहापुरात हमरस्त्याच्या कडेला असलेलं पितळी भांड्यांचं हे दुकान इतकी वर्षं तिच्या जिभेवर आणि तिच्या नवऱ्याच्या छिन्नीवर चाललं होतं. तिनं हात लुगड्याला पुसले.

“काय झालं जी गोमाजी भाऊ? बसा त खरं. पाणी प्या पयले.”

“पाण्याचंच त झालं बाई!” म्हातारा मटकन पायरीवर बसला आणि डोक्याचा दुपट्टा तोंडावर धरून चक्क रडायला लागला. कोंढ्याचा हा शेतकरी. बहिणींची, पोरींची सगळी लग्नं त्यानं याच दुकानातल्या भांड्यांवर लावली होती. तळ्याची पाळ फुटून धान वाहून गेलं त्या सालीसुद्धा तो याच पायरीवर बसून बिडी ओढत हसला होता. त्याला रडताना बघून रत्नाबाई पायरीपाशी सरकली.

तिनं पोत्याचं तोंड सोडलं आणि वरचा गुंड बाहेर काढला. आमच्याकडे गुंड म्हणजे पाणी भरायची पितळी घागर. ज्यांना दुसऱ्या जातीचा गुंड आठवला त्यांनी जरा दम धरावा, तोही येणारच आहे. गुंडाच्या ऐन खांद्यावर, दोन्ही बाजूंना कमळाचं फूल काढून, मधे ठसठशीत अक्षरं कोरली होती: ‘घनश्याम निनावे, शहापूर’.

रत्नाबाईनं दुसरं भांडं काढलं, तिसरं काढलं. गंजावर, म्हणजे पातेल्यावर, घनश्याम, परातीवर घनश्याम, हातभर पळीच्या दांड्यावरसुद्धा घनश्याम.

“अवो माय,” ती एवढंच म्हणाली.

गोमाजीची धाकटी पोरगी चंद्रकांता. गेल्याच महिन्यात तिचं लग्न झालं होतं, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला असलेल्या डोमाशी. पोरगी सासरी गेली, तिच्याबरोबर आंदणाची ही भांडी पोत्यात बांधलेलीच गेली, आणि सगळा घोळ नळावर झाला.

“तिकडे कॉलनीत नळ एकच,” गोमाजी नाक पुसत सांगू लागला. “बाया आपापले गुंड रांगेत मांडतेत आन घरी कामाले जातेत. नंबर आला का नाव वाचून हाक मारतेत. मास्तरची बायको वाचते ना जी! तिनं माह्या पोरीचा गुंड वाचला आन वरडली, ‘घनश्याम आला व पाण्याले, घनश्याम!’ झालं. दुसऱ्या दिवशी पाहा त सगळ्या बाया, ‘पाण्यावर घनश्याम आला, आता गवळणी येतीनच.’ कोन हा घनश्याम? बाप नाई, भाऊ नाई, काका नाई, मामा नाई. मंग कोन? थे गोष्ट गेली खदानीत. गडी माह्या जावयाले म्हणतेत, ‘डोमा, तू उतरतं खाली, घनश्याम राहते वर.’ जावयानं पोरगी आन पोतं, दोनी मोटारीत बसवून देल्ले. पोरगी घरी बसली हाये बाई. काई खात नाई, काई पेत नाई.”

आता हे नीट समजून घ्यायला हवं. आमच्या मुलखात भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं. बापानं दिलं तर बापाचं, मामानं दिलं तर मामाचं. पोरगी सासरी नांदते ती या नावांच्या आधारानं. सासूनं ‘तुझ्या बापानं काय दिलं?’ म्हटलं की ती तोंडानं काही बोलत नाही, गंज पालथा करून घासायला बसते. मग नाव बोलतं. अशा आंदणावर कुण्या परक्या जवान गड्याचं नाव, तेही दोन कमळांच्या मधे! नळावरच्या बाया हसल्या यात त्यांचा काय दोष?

“घनश्याम!” रत्नाबाईनं हाक दिली तशी टपरीवरच्या माणसांनी कप खाली ठेवले.

घनश्याम मागच्या खोलीतून आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, पेनामागे कार्डांचा गठ्ठा. बी.कॉम. झालेला, पण बी.कॉम.नं त्याचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते भंडाऱ्याच्या शिबिरानं.

छोट्या धंदेवाल्यांसाठी ते शिबिर भरलं होतं. नागपूरहून मधुकरराव नावाचे एक गृहस्थ आले होते. भर एप्रिलात कोट. जन्मात कधी एक चमचा विकला नसेल, पण धंदा कसा करावा यावर न थांबता बोलायचे. तीन दिवसांत त्यांनी भंडाऱ्याच्या तमाम दुकानदारांना असं काही शहाणं केलं, की एकजण तर चक्की बंद करून कार्डं छापायला धावला. कार्ड छापा. कचेऱ्यांमधून जा, पट्टेवाल्यापासून साहेबापर्यंत ओळखी वाढवा. गिऱ्हाइकाला ‘भाऊ’ काय म्हणता गावंढळासारखं, ‘साहेब’ म्हणा. ग्राहक राजा आहे, त्याच्यापुढे वाका. आणि सगळ्यांत मोठा मंत्र: आपलं नाव गिऱ्हाइकाच्या घरात रोज दिसलं पाहिजे. नाव दिसेल तिथे धंदा बसेल!

आडनाव निनावे, आणि निघाले नाव गाजवायला.

“नाव दिसाले काय मी विलेक्शनले उभी राहून राहिली?” रत्नाबाई तेव्हाच म्हणाली होती. पण पोरगा ऐकतो कशाला! त्यानं दोन हजार कार्डं छापली. सायकलवर टांग मारून रोज भंडाऱ्याला जायचा, कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत उभा राहायचा, बाबू लोकांना चहा पाजायचा. “आई, याला संपर्क म्हणतात,” म्हणायचा. एका बाबूनं त्याच्या डोळ्यांदेखत कार्डाची घडी घालून टेबलाच्या तोकड्या पायाखाली सारली. त्या कार्डानं टेबल तेवढं सरळ केलं. बाकी त्याच्या हातून काही झालं नाही.

आणि मग एक दिवस रत्नाबाई आणि तिचा नवरा टिकाराम पवनीला एका तेरवीला गेले होते, दुकानात हा एकटा, तेव्हा गोमाजी आंदण घ्यायला आला.

“नाव टाकू का साहेब?” घनश्यामनं विचारलं होतं.

“टाक ना बापू,” गोमाजी म्हणाला होता. “नावाबिगर आंदण कसं?”

दोघंही खरंच बोलत होते. म्हातारा आपल्या नावाचं बोलत होता आणि पोरगा स्वतःच्या. एक अंगठेबहाद्दर, दुसरा पदवीधर. अक्षर ज्याला येत नव्हतं तो फसला आणि ज्याला येत होतं त्यानं माती खाल्ली. लहानपणापासून बापाच्या मांडीजवळ बसून भांड्यावर कोणाचं नाव पडतं ते पाहिलेला हा पोरगा, पण कोटवाल्यानं तीन दिवसांत ती पाटी पुसून कोरी करून टाकली.

“काका, ही जाहिरात आहे,” घनश्याम आताही गोमाजीला समजावत होता. “व्यापारात याला...”

“भैताडा!” रत्नाबाई कडाडली. “एका पोरीचा संसार मोडून राहिला, आन तू इथं तुह्या मास्तरचा पाढा म्हणून राहिला! तुह्या त्या मधुकररावले बोलाव. म्हणा, कोट काढ आन चिखल्याच्या नळावर उभा राय. म्हणा, तिथं सांग जाहिरात!”

“आपण नवी भांडी देऊ. फुकट देऊ.”

“नवे भांडे गेले त काय म्हणतीन लोकं?” गोमाजी म्हणाला. “म्हणतीन, पाहा, लपवलं. भांडं बदलते बापू, माणसाच्या डोक्यातलं नाव कसं बदलते?”

“घासून काढू.”

कोपऱ्यात बसलेला टिकाराम तेव्हा पहिल्यांदा बोलला. “घासलं त खड्डा राहते,” तो म्हणाला. “खड्डा नावापेक्षा जास्त बोलते.”

रत्नाबाई त्या गुंडाकडे बघत बसली. तिचं चिंचेचं पाणी परातीत वाळून गेलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते टिकारामला कळलं असणार, कारण त्यानं नजर वळवली.

घरात मोरीपाशी रत्नाबाईचा स्वतःचा गुंड होता, लग्नात आलेला. त्याच्यावर काहीच नव्हतं. आईबाप लहानपणी गेलेले, भाऊ नाही, चुलत्यानं वाटेला लावावं तशी लावून दिली. भांडी त्यानं दिली, पण नाव टाकू दिलं नाही. उद्या हिनं माहेर म्हणून दारात यायला नको, एवढा त्यातला हिशोब. सासू मरेपर्यंत म्हणायची, ‘निनाव्याच्या घरी निनावी भांडी.’ टिकारामनं एकदा छिन्नी घेऊन विचारलं होतं, ‘टाकून देऊ का काही?’ रत्नाबाई म्हणाली होती, ‘नवऱ्यानं टाकलेलं नाव माहेरचं होते का?’ तेव्हापासून तो विषय बंद. अख्ख्या तालुक्याच्या पोरी नाव टाकलेली भांडी घेऊन याच दुकानातून सासरी गेल्या, आणि मालकीण कोऱ्या गुंडानं पाणी भरत राहिली.

“पोतं बांधा,” ती उठली. “हेच भांडे जातीन. याच नावानं जातीन. आयकता का जी, छिन्नी-हातोडी घ्या. गोमाजी भाऊ, तुम्ही पोरीले घेऊन या. आन तू रे, हे इस्त्री काढ. धोतर नेस.”

“मी कशाला?” घनश्याम म्हणाला.

“नाव तुहं हाये ना भांड्यावर? मंग ज्याचं नाव, त्यानं जावं लागते.”

गल्ल्यातून तिनं आंदणाचे पैसे काढून गोमाजीच्या दुपट्ट्यात बांधले. तो नको नको म्हणत होता. “गप राहा,” ती म्हणाली. “नाव खोटं नोको पडाले.” लग्नसराईची ती सगळी कमाई होती आणि टिकारामनंच दुपट्ट्याची गाठ घट्ट केली.

एस.टी.त चंद्रकांता रत्नाबाईच्या शेजारी बसली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, डोळे सुजलेले. तुमसर गेलं तेव्हा हळूच म्हणाली, “मावशी, नळावर बाया हासल्या त मीबी हासली होती. मले वाटलं, गंमत हाये. मंग सासू म्हणे, हासली म्हणजे काई असंनच.” रत्नाबाईनं तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि मनातल्या मनात कोटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

डोमाच्या घरापुढच्या अंगणात पोतं उतरलं तशी निम्मी कॉलनी गोळा झाली. डोमा दारात उभा, हाताची घडी घालून. बांधा दणकट, पण चेहरा आईनं रागावलेल्या पोरासारखा. त्याची आई आनंदाबाई खाटेवर बसली होती, ती उठली नाही.

“याच का दुकानवाल्या?” ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत म्हणाली. “इकाले आल्या का अजून काई?”

एरवी रत्नाबाईला कोणी असं बोललं असतं तर तिनं त्याच्या खापरपणज्यापासून सुरुवात केली असती. पण तिनं पदर डोक्यावर ओढला आणि जमिनीवर बसली.

“माफी मांगाले आली बाई. हा माहा पोट्टा. हाच थो घनश्याम. पाहून घ्या सगळ्या. भैताड हाये, पन कपटी नाई. गोमाजी भाऊनं म्हटलं नाव टाक, यानं सोताचं टाकलं, दुकानाचं गिऱ्हाईक वाढन म्हणून. तुमच्या सुनेचं तोंडबी यानं पाहलं नव्हतं, आज मोटारीत पाहलं.”

“मंग आता काय करता?”

“आता नाव टाकलं त नाव निभावाचं. आजपासून हा तिचा भाऊ. भांडे याच्याकडून. पैसे परत देल्ले, विचारा गोमाजी भाऊले.”

“वा रे वा! भाऊ कवा झाला? आज?” आनंदाबाई हसली, तशा भोवतालच्या बायाही हसल्या. “भाऊ काय दुकानात भेटते का इकत?”

रत्नाबाईनं मान वर केली.

“इकत भेटला असता बाई, त मी सोतासाठी नसता का घेतला? दुकानदारीण हावो मी! माह्या लग्नात कोरे भांडे आले. एका भांड्यावर नाव नोतं. सासूनं मरेपर्यंत बोलून दाखवलं. कोरं भांडं घेऊन नांदाचं काय असते, मले ठावं हाये. तुमच्या सुनेच्या भांड्यावर नाव हाये. चुकून पडलं, पन हाये. थे पुसू नोका. थे खरं करून घ्या.”

मास्तरच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. हे रत्नाबाईनं जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते अनोळखी दारात, अनोळखी माणसांत.

“चाल,” ती पोराला म्हणाली. “जावयाचे पाय धू.”

“मी? त्याचे?” घनश्याम कुजबुजला.

“तुह्या मास्तरनं काय सांगतलं होतं? गिऱ्हाईक राजा हाये, वाका. वाक मंग.”

पाण्याची परात आली, डोमानं तीत पाय ठेवले आणि घनश्याम वाकला. वाकताना सदऱ्याच्या खिशात आठवणीनं ठेवलेला कार्डांचा गठ्ठा सरकला आणि धप्पदिशी परातीत पडला. दहा-पंधरा कार्डं डोमाच्या पायांभोवती तरंगू लागली. इतके महिने कचेऱ्या झिजवून जी कोणाच्या पायाशी नीट पोचली नव्हती ती अशी पोचली. डोमानं खाली बघितलं, वर बघितलं आणि त्याला हसू फुटलं. तो हसला तशी चंद्रकांता रडायला लागली.

टिकारामनं अंगणातच बैठक मारली. एकेक भांडं मांडीत घेऊन तो त्या नावाखाली ओळ टाकत गेला: ‘यांजकडून बहीण चंद्रकांता हिस’. ठक ठक ठक ठक. मास्तरची बायको शेजारी बसून प्रत्येक भांडं मोठ्यांदा वाचत होती, म्हणजे सगळ्यांना कळावं. संध्याकाळच्या नळाला चंद्रकांता तोच गुंड घेऊन गेली. रांगेतून कोणीतरी ओरडलं, “सरका व, चंद्रकांताच्या भावाचा गुंड आला!” रत्नाबाईनं ते ऐकलं आणि मगच ती आनंदाबाईनं पुढे केलेला चहा प्यायली.

मधुकररावांचं म्हणाल तर त्यांना ही हकिगत कुठूनशी कळली. पुढच्या शिबिरात त्यांनी ती उदाहरण म्हणून सांगितली म्हणे. ग्राहकाशी रक्ताचं नातं जोडा, बघा शहापूरच्या निनाव्यांनी कसं जोडलं! असले गुंड बुडाला पोचा आला तरी उभे राहतात. घनश्यामला भाषणाचं बोलावणं आलं. तो गेला नाही. उरलेली कार्डं रत्नाबाईनं चुलीला लावली. चांगली पेटली.

भाऊबीजेला चंद्रकांता आणि डोमा शहापूरला आले. तिनं घनश्यामला ओवाळलं, त्यानं ओवाळणीत लुगडं घातलं. जेवणं झाल्यावर तिनं पिशवीतून एक गाठोडं काढून रत्नाबाईपुढे ठेवलं.

“बाबानं धाडलं. म्हणे, बाईले देजो आन वाचाले सांगजो.”

आत स्टीलचा लोटा होता. स्टील! रत्नाबाईला स्टील दिसलं की तिच्या मस्तकात तिडीक जायची. ज्याला कल्हई नाही, मोडीत किंमत नाही, असलं भांडं घरात आणणाऱ्याशी ती बोलायची नाही. आणि आता तर निम्मं गिऱ्हाईक तिकडेच वळलं होतं.

“इस्टील!” ती म्हणाली. “आन तेबी दुसऱ्या दुकानातून! लाज नाई का वाटली गोमाजी भाऊले?”

मग तिनं तो उजेडाकडे धरला. तिला वाचता यायचं ते फक्त भांड्यांवरचं. नाव विजेच्या मशिनीनं टाकलेलं, अक्षरं मुंग्या सांडल्यासारखी. ‘गोमाजी काटेखाये, कोंडा यांजकडून बहीन रत्नाबाई हिस’.

“कोन्या गाढवानं टाकलं हे?” ती अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली. “कोंढ्याचा ढ खाल्ला. बहिणीचा ण खाल्ला.”

“बाबा म्हणत होते,” चंद्रकांता म्हणाली, “बाई इतके साल मले भाऊ, भाऊ म्हणून राहिली. मले वाटे, दुकानाचं बोलणं हाये. तिले खरंच कोनी नाई, हे चिखल्याले समजलं.”

टिकारामनं छिन्नीकडे हात नेला. “आन इकडे. ढ नीट करून देतो.”

“हात लावू नोका,” रत्नाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहापूरच्या नळावर नेहमीप्रमाणे गुंडांची रांग लागली होती. रत्नाबाईनं आपला कोरा गुंड घरीच ठेवला होता. दोन मोठ्या पितळी गुंडांच्या मधे तिनं तो स्टीलचा लोटा मांडला.

“हे काय व रत्नाबाई?” मागची बाई हसली. “लोट्याले कायची रांग? पुढे होऊन भरून घे ना!”

रत्नाबाई वाकली, लोटा जरासा फिरवून नावाची बाजू रस्त्याकडे केली आणि त्याच्यामागे आपल्या नंबराची वाट बघत उभी राहिली.